नाव न पुकारणारे सर

सर, रागावू नका, पण तुम्ही अगदी चुकीच्या वेळी गेलात. थोडं थांबला असतात तर माझं काम झालं असतं. मुक्ताची जायची तारीख ठरली आहे, तिकीट आलं आहे, आणि तिला 'जाऊ नकोस' असं सांगू शकणारा सोलापुरातला एकमेव माणूस आता हार घालून भिंतीवर बसला आहे. जन्मभर आम्हाला 'तारीख चुकवायची नाही' म्हणून दटावलंत, आणि स्वतः मात्र माझी तारीख चुकवलीत.

मी भ्याले आहे, सर. ते आधीच सांगून टाकते. सकाळी कोर्टात जाताना, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेली असताना, कुणाचा तरी वकालतनामा लिहिताना मध्येच मी उरलेले दिवस मोजायला लागते. एकुलती एक मुलगी. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आणि ही मुलगी, वकिलीची सनद हातात पडून धड चार वर्षं झाली नाहीत तोवर, जिथली लढाई नुकती थांबली आहे अशा देशात निघाली आहे. तिथल्या लोकांच्या बळकावलेल्या जमिनी त्यांना परत मिळाव्यात म्हणून गावोगाव फिरून साक्षी नोंदवायच्या, असं तिचं काम. म्हणजे तुम्ही केलंत तेच. हे खूळ तिच्या डोक्यात तुम्हीच घातलंत, तेव्हा ते काढायची जबाबदारीही तुमचीच होती.

पेपरात तुमच्यावर बरंच छापून आलं आहे. कोटातला फोटो टाकलाय. तो तुम्हाला कधीच आवडला नाही, त्यात तुम्ही मानपानाला कंटाळलेल्या वरबापासारखे दिसता. 'सोलापूरचा सुपुत्र', 'कायद्याच्या वर्गातून थेट राजदूतपदी' असे मथळे आहेत. नेमणुका आहेत, सन्मान आहेत. शेंगाच्या चटणीचा किस्साही आहे. एकमेकांच्या तोंडाकडे बघायला तयार नसलेले दोन सेनापती, तुम्ही दोघांच्या ताटात घरची चटणी वाढलीत, दोघांना ठसका लागला आणि दोघं एकाच तांब्यातलं पाणी प्यायले. मुक्ता लहान असताना हा किस्सा तुमच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची, आणि तुम्ही दोन्ही सेनापतींचा ठसका वेगवेगळा काढून दाखवायचात. तो किस्सा खरा आहे हे मला माहीत आहे. पण दुसरी गोष्ट, जी तुम्ही मला एकदाच सांगितलीत, ती कुठेच छापून आलेली नाही. ती मी इथे लिहिणार आहे, तुमची परवानगी न घेता.

तुमची माझी पहिली भेट म्हणजे हजेरी. लॉ कॉलेजातला माझा पहिला दिवस. बाकीचे प्राध्यापक नंबर घेत. नंबर ऐकू आला की मान खाली घालून 'येस सर' म्हणायचं. तुम्ही मात्र पूर्ण नाव घ्यायचात, पोराचं, त्याच्या बापाचं आणि गावाचं. माळशिरसचा असेल तर माळशिरस, शहराच्या पूर्व भागातली असेल तर पूर्व भाग. माझे वडील मागावर चादरी विणणारे, घरात तेलुगू. शाळेत माझ्या वडलांचं नाव मास्तरांनी इतकं मोडूनतोडून घेतलं होतं की मी ते सांगायचंच टाळायची. तुम्ही 'शकुंतला राजय्या, पूर्व भाग' असं सरळ, सावकाश, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात आणि माझ्याकडे बघत थांबलात. मी उभी राहिले. हजेरीला उभं राहायची पद्धत नव्हती, तरी राहिले.

पुढे तुम्ही सांगितलंत की ही सवय तुम्ही कोर्टातून उचलली. कोर्टाच्या दाराशी उभा राहून पट्टेवाला मोठ्यानं पुकारा करतो, अमक्याचा मुलगा तमका हाजर हो, तेव्हा तुमच्या मते सरकार त्या माणसाला नावानं ओळखत असतं. तुमच्या गावी, जेऊरला, तुमच्या आजोबांना सगळा गाव 'ए' म्हणून हाक मारायचा. त्यांचं पूर्ण नाव पहिल्यांदा करमाळ्याच्या कोर्टात पुकारलं गेलं. निकाल काय लागला ते आजोबा विसरून गेले, पण तो पुकारा मरेपर्यंत सांगत राहिले. "शकू, ज्याचं नाव मोठ्यानं घेतलं त्याला कायद्याला विसरता येत नाही," असं तुम्ही तेव्हा म्हणत होतात.

माझं लग्न ठरवायला निघालेल्या वडलांची समजूत घालायला तुम्ही आमच्या घरी आलात, ते आठवतं? खोलीत माग चालू, कानठळ्या बसत होत्या, आणि वडील तो बंद करायला तयार नव्हते, कारण बंद केला असता तर तुमचं ऐकावं लागलं असतं. तुम्ही ओरडला नाहीत, हातवारे केले नाहीत. आईनं दिलेला चहा पीत लाईट जायची वाट बघत बसून राहिलात. त्या दिवसांत लाईट जायचीच. गेली, माग थांबला, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "राजय्या, पोरगी भांडते छान. तिला त्याचे पैसे मिळू द्या की." वडील हसले आणि केस तिथंच संपली. आज माझ्या नावाची पाटी आहे ती त्या लोडशेडिंगमुळे, असं मी सगळ्यांना सांगते. लोकांना वाटतं मी गंमत करते.

मग तुम्हाला दिल्लीहून बोलावणं आलं. आंतरराष्ट्रीय कायदा हा तुमचा विषय, आणि आमच्या कॉलेजात तो घेणारे इतके कमी की वर्गात एक पंखा लावला तरी सगळ्यांना पुरायचा. लढाई संपल्यावर घरदार सोडून पळालेल्यांच्या जमिनींचं काय करायचं, यावर तुम्ही जे लिहीत होतात ते सोलापुरात कुणी वाचलं नाही, पण परराष्ट्र खात्यात कुणीतरी वाचलं. आधी सल्लागार म्हणून गेलात. मग एका देशातली लढाई थांबली, तह झाला, आणि तहानंतरच्या चौकशीच्या कामावर आपल्या देशातर्फे तुम्हाला पाठवलं. पुढे तिथलंच राजदूतपद दिलं. त्या देशाचं नाव तुम्ही घरी कधी घेतलं नाहीत. 'तिकडं' म्हणायचात. मग आम्हीही 'तिकडं' म्हणायला लागलो, जसं काही ते बार्शीच्या पलीकडेच होतं.

निवृत्त होऊन परत आलात आणि पुन्हा कॉलेजात शिकवायला लागलात. मीही तोवर कोर्ट सांभाळून तिथे तास घेत होते. माझ्या लक्षात आलं की तुम्ही आता हजेरी घेत नाही. नाव नाही की नंबर नाही. एक कागद फिरवायचात आणि सह्या करा म्हणायचात, पोरं एकमेकांच्या सह्या ठोकून मोकळी व्हायची. कुणाला प्रश्न विचारायचा झाला तर तुम्ही त्याच्या बाकापर्यंत चालत जायचात, समोर उभे राहायचात, आधी स्वतःचं नाव सांगायचात आणि मग त्याचं विचारायचात. सरांना विसरायला होतं, असं म्हणून पोरं हसायची. माझी केस ऐकायला कोर्टात आलात तरी पुकाऱ्याच्या आधी उठून व्हरांड्यात जायचात. एकदा मी मागून 'सर' म्हणून हाक मारली तर तुम्ही जागच्या जागी थिजलात. वळला नाहीत. मी पुढे येऊन उभी राहिले तेव्हा तुमच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, बीपी असेल.

त्या हजेरीवरून मी तुमच्याशी भांडले. आपण जेऊरला गेलो होतो, आक्कांच्या नावच्या जमिनीच्या कागदांसाठी. आक्का तुमची थोरली बहीण, तुम्हाला 'आप्पा' म्हणणारी, तुम्ही परत आल्यापासून तुमचं घर बघायला सोलापुरात येऊन राहिलेली. काम झालं, पण परतीची पॅसेंजर लेट होती. भर दुपार, फलाटावर आपण दोघं आणि लिंबाखाली एक कुत्रं. मी म्हटलं, सर, तुम्ही त्या दिवशी माझं नाव घेतलं नसतंत तर मी कधीच उभी राहिले नसते, मग या पोरांची नावं का घेत नाही? तुम्ही बाकावर मला जागा करून दिलीत. मग सांगितलंत.

तहानंतरची तुमची ती पहिलीच सुनावणी होती, डोंगरातल्या एका गावात, शाळेत. तुम्ही सगळी तयारी जातीनं केली होती. टेबल उंचावर ठेवायचं नाही, खुर्च्या सगळ्यांना सारख्या, प्यायला पाणी. आणि दाराशी एक कारकून उभा करून त्यानं प्रत्येकाचं पूर्ण नाव पुकारायचं, बापाचं नाव आणि गाव धरून. दुभाषी म्हणून तिथलीच एक तरुण शिक्षिका होती. तिनं विचारलं, मोठ्यानं? तुम्ही म्हणालात, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. ती पुढे काही बोलली नाही. तुमच्यासमोर बोलायची तिची हिंमत नव्हती, आणि ते तुमच्या लक्षात आलं नाही.

लोक सकाळपासून जेवण बांधून आणून झाडांखाली बसले होते. कारकुनानं पहिलं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. तिसऱ्या पुकाऱ्याला एक माणूस उठला. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून बायकोच्या हातात दिलं. पायातल्या चपला काढून तिच्याजवळ ठेवल्या. आणि आत येऊन तो तुमच्या टेबलापुढे उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे धरून. तुम्ही हसून त्याला बसा म्हणालात. तो बसला नाही. तुम्हाला वाटलं लाजतोय. तुम्हाला तुमच्या आजोबांची आठवण झाली, असं तुम्ही मला सांगितलंत.

त्या माणसानं एकच विनंती केली. बायकोला घरी जाऊ द्या. तेवढ्यात दारातल्या कारकुनानं पुढचं नाव पुकारायला तोंड उघडलं आणि बाहेर बघून तो तसाच राहिला. आवार रिकामं झालं होतं. जेवणाची गाठोडी, चपला, एका म्हाताऱ्याची काठी, सगळं तिथंच टाकून माणसं डोंगरात पळून गेली होती, कसलाही आवाज न करता. त्याची बायको तेवढी बसून होती, नवऱ्याच्या चपला मांडीवर घेऊन. मग ती शिक्षिका रडायला लागली आणि तिनं सांगितलं. लढाईच्या वर्षांत बंदूकवाले यायचे, गावाला शाळेच्या आवारात गोळा करायचे आणि एकजण दाराशी उभा राहून नावं पुकारायचा. पूर्ण नावं, बापाच्या नावासकट. पुकारलेला माणूस परत यायचा नाही.

मी विचारलं, "तीच शाळा?"

"तीच की," तुम्ही म्हणालात.

तुम्ही उठून त्या माणसाच्या जवळ गेलात तर त्यानं डोळे मिटून घेतले. काय करावं ते तुम्हाला कळेना. तुम्ही खाली जमिनीवर बसलात, कोटासकट. बऱ्याच वेळानं तोही बसला, पण बोलला काही नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. ते गाव पुन्हा सुनावणीला आलंच नाही. साक्ष नाही म्हणून दावा उभा राहिला नाही, आणि त्या गावाच्या जमिनी ज्यांनी बळकावल्या होत्या त्यांच्याकडेच राहिल्या. बाकीच्या गावांत तुम्ही रीत बदललीत. झाडाखाली जाऊन बसायचं, आधी आपलं नाव, आपल्या बापाचं नाव आणि जेऊर सांगायचं, आणि वाट बघायची. ज्याला बोलावंसं वाटेल तो आपल्या पायानं येईल. लोक आले. त्या कामाचं नाव झालं, त्यावरच तुम्ही राजदूत झालात. मी त्या पहिल्या गावाचं नाव विचारलं तेव्हा मात्र तुम्ही म्हणालात, "नगं गं. मी ते घेत न्हाय." वर्गात तुम्ही असं कधी बोलत नव्हता. भ्यालात की जेऊरची बोली यायची तुमच्या तोंडात. तेवढ्यात गाडी आली.

त्यावरून आपला जो वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायची, साक्षीदाराचं नाव उघड घेतल्याशिवाय साक्षीला किंमत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला कळायला हवं की कोण बोलतंय, नाहीतर उद्या कुणीही उठून कुणाचंही घर बुडवील. तुम्ही म्हणायचात, नाव असू दे, पुकारा नको. मी म्हणायची, सर, हा कायदा नाही, ही तुमची भीती आहे. तुम्ही म्हणायचात, हो, आहे. तिथं माझी गाडी अडायची, कारण सरळ 'हो' म्हणणाऱ्याची उलटतपासणी कशी घ्यायची? मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते. तुम्ही असतात तर आजही भांडले असते. पण हल्ली पुकाऱ्याच्या वेळी मी साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे बघते, आणि बहुतेकजण दचकतात, सर.

म्हणून मुक्ताची निवड झाली तेव्हा मी पेढे घेऊन नाही, तक्रार घेऊन तुमच्याकडे आले. म्हटलं, हिला ठसक्याची गोष्ट माहीत आहे, चपलांची माहीत नाही. ती सांगा तिला. माझं ती ऐकत नाही. आईनं काही म्हटलं की हिला ती जुन्या वळणाची काळजी वाटते, पण तुमच्या शब्दापुढे ती जाणार नाही. सांगा तिला, जाऊ नकोस म्हणून. तुम्ही चष्मा पुसत होतात. म्हणालात, पाठव तिला. एवढंच.

ती आली. दुपारभर तुमच्याकडे होती. आक्का सांगत होत्या, आतून बोलण्याचा आवाज येत होता, मग वादाचा यायला लागला, आणि मुक्ता निघाली ती केलेला चहाही न घेता. घरी येऊन सरळ आपल्या खोलीत गेली. मी तुम्हाला फोन करून विचारलं, काय सांगितलंत? तुम्ही म्हणालात, ती सांगेल. मी म्हटलं, ती सांगत नाही म्हणून तर विचारतेय. तुम्ही म्हणालात, "मग अजून येळ हाय," आणि वर हसलात. मला राग आला आणि मी फोन ठेवून दिला. तेच आपलं शेवटचं बोलणं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मोबाईलवर मुक्ता जाणार त्या देशाची बातमी दिसली की उघडायची नाही असं ठरवायची आणि उघडायची. एका बातमीत रस्त्यावर उलटलेली जीप होती, तर त्यात बसलेल्या माणसांची नावं मी दोनदा वाचली, जणू मुक्ता आधीच तिथे पोचली होती. ती आंघोळीला गेली आणि जरा जास्त वेळ लागला की मी दार वाजवायची. ती म्हणायची, आई, मी अजून सोलापुरातच आहे.

आणि मग एका सकाळी आक्कांचा फोन आला. "वकीलबाई, आप्पा उठंना झालाय. बिगीनं या." रिक्षात बसले तेव्हाच मला कळून चुकलं होतं. तरीही घरात शिरताना मी तुम्हाला हाक मारली नाही, सवयीनं सरळ पुढे येऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही दाराकडे तोंड करून निजला होतात. आक्का म्हणाल्या, "लई भ्यायचा गं त्यो. तिकडनं आल्यापास्नं दाराकडं पाठ करून कवा निजला न्हाय." मग डोळ्याला पदर लावून त्या तुमच्या अंगावरचं पांघरूण नीट करत बसल्या. मी तुमचा चेहरा निरखून बघितला. त्यावर भीती नव्हती, आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी तिथंच खाली बसून रडले.

कोर्टातल्या बाररूममध्ये शोकसभा झाली. एकामागून एक उठले आणि प्रत्येकानं तुम्हाला निर्भय म्हटलं. एकानं वाघ म्हटलं. पुकाऱ्याच्या वेळी तुम्हाला व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभं राहिलेलं ज्यांनी अनेकदा बघितलं होतं, त्यांनीसुद्धा. बोलणाऱ्यांत माझं नाव होतं. सूत्रसंचालकांनी ते माईकवरून मोठ्यानं घेतलं, पूर्ण नाव, आणि मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मी मान हलवून नको म्हटलं. मला सांगायचं होतं की हा माणूस भ्यालेला होता, आणि भ्यालेला होता म्हणूनच तिकडची माणसं त्याच्याजवळ येऊन बसली. पण फोटोसमोर असं बोलले असते तर सगळ्यांना ती शिवी वाटली असती. मुक्ता मागच्या रांगेत बसली होती. ती माझ्याकडेच बघत होती.

तेरावं करून आक्का जेऊरला निघून गेल्या. काल दुपारी मी मेथी निवडत बसले होते. मुक्ताच्या जाण्याची कसलीही तयारी मी मुद्दाम करत नव्हते, बॅगसुद्धा माळ्यावरून काढू दिली नव्हती. ती येऊन समोर बसली आणि आपणहून सांगायला लागली.

तुम्ही तिला आधी चपलांची गोष्ट सांगितलीत. मग विचारलंत, "तुला भ्या वाटतं का गं?" ती म्हणाली, नाही सर. मान ताठ करून म्हणाली असणार, मी ओळखते तिला. आणि तुम्ही म्हणालात, "मग तू जाऊ नगंस."

सर, तुम्ही सांगितलं होतंत. मी मागितलं होतं तेच सांगितलंत, आणि मी इकडे तुमच्यावर डूख धरून बसले होते.

पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नव्हतात. तुम्ही तिला म्हणालात, त्या दिवशी शाळेत मला जराही भीती वाटत नव्हती. तह झाला होता, पाठीशी सरकार होतं, मी कायदा घेऊन आलो होतो. म्हणून समोर बसलेलं अख्खं गाव भ्यालेलं आहे हे मला दिसलं नाही. दुभाषी भ्यालेली दिसली नाही. हात मागे धरून उभा राहिलेला माणूससुद्धा दिसला नाही. त्यानंतर तिकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक तरुण वकिलाला तुम्ही हाच एक प्रश्न विचारायचात, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला परतीच्या विमानात बसवायचात. हे मला तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. मुक्ता चिडली, तिनं हा अन्याय आहे म्हणून तुमच्याशी वाद घातला. तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "भ्या वाटाय लागलं की ये माज्याकडं. मग मी सोता तुला जा म्हनीन. तवर न्हाय."

एवढं सांगून तिनं थोडी मेथी आपल्या पुढ्यात ओढली. मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "आई, मला भीती वाटायला लागलीय. सभेत तुझं नाव घेतलं ना, तेव्हापासून. मी तुझा चेहरा बघितला. तू इतकी घाबरली आहेस हे मला दिसलंच नव्हतं."

हे वाक्य तिच्या तोंडून ऐकण्यासाठी मी देव पाण्यात ठेवून बसले होते, सर. तिला भीती वाटली की ती थांबेल, इतका माझा साधा हिशेब होता. क्षणभर मला आनंदच झाला. मी म्हटलं, मग नको जाऊस, तिकीट रद्द करू. ती म्हणाली, "तसं नाही आई. सर जा म्हणणार होते. ते नाहीत. आता तू म्हण."

मी पुष्कळ बोलले. वकील आहे, मला मुद्दे कमी पडत नाहीत. सोलापुरात कामं पडली आहेत म्हटलं, जमिनींची भांडणं इथं काय थोडी आहेत म्हटलं, माझं वय काढलं, तिच्या बाबांचं नाव काढलं. ती एकदाही मध्ये बोलली नाही. आधी प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असायचं तिचं. काल ती नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली, कारण मी निवडलेली मेथी पुन्हा काड्यांत टाकत होते. मग तिनं पुढ्यातली मेथी बाजूला सरकवली, माझे हात आपल्या हातात घेतले आणि मी बोलायची थांबेपर्यंत वाट बघत बसली. ती आता जाण्याजोगी झाली होती, सर. तुम्ही असतात तर एका नजरेत ओळखलं असतंत. ते मलाच बघावं लागलं.

मी 'जा' म्हटलं. शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं नसतं, इतक्या हळू. ती उठून आत गेली आणि थोड्या वेळानं माळ्यावरून बॅग ओढल्याचा आवाज आला.

आज सकाळी मी जेऊरला आक्कांना फोन केला. म्हटलं, सर तिकडं होते तेव्हा तुम्ही इकडं काय करत होता? त्या म्हणाल्या, काय करनार, भ्यायचं आन् भाकरी करायची. मी विचारलं, ते परत आल्यावर तरी गेली का भीती? म्हणाल्या, मग त्योच भ्यायला लागला की, मग आमी दोगं मिळून भ्यायचो. मी म्हटलं, आक्का, मुक्ता गेली की इकडे माझ्याकडे राहायला याल का?

"येते की," त्या म्हणाल्या. "एकटीनं भ्यायचं न्हाय."